अठरा गावांच्या चावडीवर एक नोटीस लावा

प्रति,
लवासा विकत घ्यायला पुढे येणारे सर्व बोलीदार,
आणि लवासा विकायला बसलेली बँकांची धनको समिती यांस,



आपली-आमची ओळख नाही. मी वेल्हे तालुक्यातला शेतकरी. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. गुंजवणीच्या खोऱ्यात माझं भाताचं खाचर आणि वरकस रान आहे. माझी जमीन लवासात गेलेली नाही, त्यामुळे माझं आपल्याकडे काही येणं नाही. पण मोसे खोऱ्यात आमच्या सोयरिकी आहेत, आणि त्या खोऱ्याची गेल्या पंचवीस वर्षांत जी परवड झाली ती आम्ही शेजारून पाहिली आहे. मन दुखावलं आहे, म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

वडील गेले तेव्हा वारसनोंद करायला मी तलाठ्याकडे गेलो. घरचीच जमीन, घरचीच माणसं, वाद कशाचाच नव्हता. तरी तलाठ्याने फेरफार धरला, नमुना नऊच्या नोटिसा काढल्या, प्रत्येक हिस्सेदाराची सही घेतली आणि एक प्रत चावडीवर डकवली. हरकतीसाठी पंधरा दिवस. माझी आत्या पुण्याला असते, तिची सही येईपर्यंत कागद पुढे सरकला नाही. मग मंडल अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली, वडिलांच्या नावाला कंस झाला आणि आम्हा भावंडांची नावं खाली आली. त्यात मला जाच वाटला नाही. जमिनीचा धनी बदलतो आहे, तर ते चार लोकांना कळलं पाहिजे, कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याला वेळ मिळाला पाहिजे, हा त्यामागचा अर्थ आहे आणि तो रास्त आहे.

आता लवासाचं बघा. मुळशी आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या अठरा गावांच्या शिवारावर पसरलेलं हे शहर 2018 पासून विक्रीला आहे. 30 ऑगस्ट 2018 ला मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनीची दिवाळखोरी दाखल करून घेतली. जुलै 2023 मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म या समूहाची 1,814 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. पैसे आठ वर्षांत द्यायचे होते. ठरलेली रक्कम वेळेवर आली नाही, आणि पुन्हा नव्या गिऱ्हाइकाचा शोध सुरू झाला. एवढं सगळं होऊन गेलं, पण दासव्याच्या, मुगावच्या किंवा धामणओहोळच्या चावडीवर एक चिटोरंही लागलं नाही. लावायची गरजच पडत नाही. जमीन कंपनीच्या नावावर, कंपनी जिथल्या तिथे, हात बदलतात ते तिचे शेअर. सातबाऱ्यावर फेरफार पडत नाही, तलाठ्याला पत्ता नसतो. माझ्या बापाच्या दोन एकरांना नोटीस लागते आणि अठरा गावांचा मालक बदलतो तेव्हा लागत नाही. ही माझी पहिली तक्रार आहे, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात.

आपल्यापुढे जी माहितीपत्रिका येते तिच्यात तळं, बंगले, हॉटेल, रस्ते, न विकलेले भूखंड असं सारं असेल. त्याआधीचं मी सांगतो. मोसे नदीवर वरसगावचं धरण झालं, तेव्हा नदीकाठची गावं आणि काळी जमीन पाण्यात गेली. पाणी पुण्याला गेलं. पुणेकरांना पाणी हवंच होतं, त्याबद्दल आकस नाही. लोक वर डोंगरउतारावर सरकले. पुढे 2001 साली सरकारने त्याच उतारांवरची अठरा गावं थंड हवेच्या ठिकाणासाठी जाहीर केली. कंपनी आधी पर्ली ब्लू लेक रिसॉर्ट्स होती, मग लेक सिटी कॉर्पोरेशन झाली, मग लवासा. मालकी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या हाती. धरणासाठी म्हणून संपादित केलेल्या जमिनीतली 141 हेक्टर जमीन कृष्णा खोरे महामंडळाने 2002 साली याच कंपनीला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, आणि त्यावर पुढे महालेखापालांनी ठपका ठेवला. सार्वजनिक कामासाठी म्हणून ज्याच्याकडून जमीन घेतली, तो शेतकरी त्याच पाण्याच्या काठावर उभं राहिलेलं इटलीच्या पोर्टोफिनोच्या धर्तीचं रंगीत गाव लांबून बघत राहिला. 2008 मध्ये नियोजनाचे अधिकारही कंपनीलाच मिळाले. म्हणजे नकाशा काढणारी कंपनी, आणि नकाशाला मंजुरी देणारीही कंपनी. ते अधिकार 2017 साली काढून घेतले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सीलिंगमध्ये वाटलेल्या जमिनींबद्दल तर किती लिहावं! भूमिहीनांना, कातकऱ्यांना, धनगरांना सरकारने दिलेली वर्ग दोनची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा जमिनींच्या व्यवहारांवरून तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले, मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं या खोऱ्यात येत राहिले. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षभराने पहिल्या टप्प्यातल्या 2,000 हेक्टरना अटी घालून परवानगी दिली. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाविरुद्धची याचिका निकाली काढली. फार उशीर झाला, आता इतरांचे हक्क निर्माण झाले आहेत, असं त्या निकालात आलं. घर घेतलेल्यांचे हक्क आहेत हे मलाही मान्य आहे. त्यांतले कित्येक कर्ज काढून फसलेले मध्यमवर्गीय आहेत. पण उशिराने ज्यांचे हक्क निर्माण झाले त्यांची दखल घेतली जाते, आणि ज्यांचे पिढ्यान् पिढ्या होते ते मात्र उशिरामुळे जातात, हे मनाला लागतं.

आपण म्हणाल, हे भारतातच, महाराष्ट्रातच असं होतं. तसं नाही. मी एक लांबचं उदाहरण देतो, पण त्यातला मालक आपल्या ओळखीचा आहे. 1992 साली स्टरलाइट कंपनी रत्नागिरीला तांब्याचा कारखाना काढायला आली होती. कोकणातल्या लोकांनी कडाडून विरोध केला, 1993 च्या पावसाळ्यात काम थांबलं आणि कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे मे 2018 मध्ये आंदोलकांवर गोळीबार होऊन तेरा माणसं मेली. त्याच समूहाने, म्हणजे वेदांताने, 2004 साली आफ्रिकेतल्या झांबिया देशातली कोंकोला कॉपर माइन्स घेतली.

त्या खाणीची कथा वाचताना मला मोसे खोरंच दिसत होतं. आधी ती अँग्लो अमेरिकन कंपनीकडे होती. मग अध्यक्ष केनेथ कौंडांनी राष्ट्रीयीकरण केलं, 1982 साली सगळ्या खाणी मिळून एक सरकारी कंपनी झाली. तांब्याचा भाव कोसळला, सरकार कर्जात बुडालं, 2000 साली खाण पुन्हा अँग्लोकडे गेली. दोन वर्षांत त्यांनी हात झटकले. मग वेदांताने 51 टक्के हिस्सा अडीच कोटी डॉलरला घेतला. 2014 मध्ये वेदांताचे संस्थापक अनिल अगरवाल यांनी बेंगळुरूच्या एका कार्यक्रमात सांगितलं की, अडीच कोटींत घेतलेली ही खाण वर्षाला पन्नास कोटी डॉलर मिळवून देते. त्याची चित्रफीत झांबियात पोहोचली तेव्हा लोक खवळले. खवळणारच. 2006 साली याच खाणीतून आम्लयुक्त पाणी काफुए नदीत गेलं होतं, आणि काठच्या लोकांचं पिण्याचं, शेतीचं, मासेमारीचं पाणी नासलं होतं.

त्या लोकांनी काय केलं ते ऐका. चिंगोला परिसरातल्या 1,826 गावकऱ्यांनी दावा लावला तो थेट लंडनमध्ये. स्थानिक कंपनीकडून आपल्याला काही मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून नफा ज्याच्या घरी जातो, त्या वरच्या कंपनीलाच त्यांनी न्यायालयात खेचलं. 10 एप्रिल 2019 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो. पुढच्याच महिन्यात झांबिया सरकारने खाणीवर अवसायक नेमला. मालकी पुन्हा अधांतरी. 2021 साली कंपनीने जबाबदारी मान्य न करता गावकऱ्यांशी तडजोड केली, आणि 2024 मध्ये खाण पुन्हा वेदांताच्या ताब्यात गेली. एवढ्या उलथापालथीत गावकऱ्यांना तडजोड तरी मिळाली ती एकाच गोष्टीमुळे. मालक कोण, हे त्यांनी शोधून काढलं आणि त्याला सुटू दिलं नाही.

आमच्याकडे मालक सुटतो, आणि कायद्याने सुटतो. दिवाळखोरी संहितेखाली योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात न धरलेली जुनी येणी संपतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आहे. नव्या मालकाला कोरी पाटी मिळते. बुडालेला उद्योग पुन्हा उभा राहावा म्हणून हे केलं, हे मी समजू शकतो. पण पाटी पुसताना काय काय पुसलं जातं? बँकांचे दावे नोंदले गेले, घर घेणाऱ्यांचे नोंदले गेले, कारण त्यांना वकील मिळतो आणि मुदतीची जाहिरात त्यांच्या वाचनात येते. बंगल्यांवर दोन-तीन वर्षं माळीकाम करून शेवटच्या महिन्यांची मजुरी न मिळालेली मोसे खोऱ्यातली बाई इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून दावा दाखल करणार होती का? खोदाईला पोकलेन लावलेला, वाळू-खडी पुरवलेला आमच्या भागातला पोरगा? जमिनीच्या बदल्यात घरात एकाला नोकरी, असं दलालाने तोंडी सांगितलेला म्हातारा? त्याच्याकडे तर कागदच नाही.

जमीन आधीही गेली आहे आमच्या मावळांतून. शेजारच्या मुळशीत 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले. भोरच्या वेळवंडी खोऱ्याने भाटघरला गावं दिली, हिर्डस मावळाने निरा देवघरला दिली, आमच्या गुंजवणीवरही धरण झालं. त्या धरणांची गाऱ्हाणी अजून संपलेली नाहीत. पण धरणग्रस्ताला एक गोष्ट माहीत असते: आपली जमीन सरकारने घेतली, आणि सरकार पुण्यात जिल्हाधिकारी कचेरीत भेटतं. आजोबाने अर्ज दिला तिथेच नातूही अर्ज देऊ शकतो. मोसे खोऱ्यातल्या माणसाने अर्ज कुणाला द्यायचा? 2018 आधीची मालक कंपनी म्हणते, आता आमच्याकडे काही नाही. न्यायाधिकरणाने नेमलेला निराकरण अधिकारी म्हणतो, मुदत संपली. बोलीदार म्हणतो, मी अजून मालक झालो नाही. आणि मालक होईल तेव्हा तो म्हणेल, ते सगळं माझ्याआधीचं आहे.

जुलै 2024 च्या पावसात लवासातल्या बंगल्यांवर दरड आली. डोंगर कापले, झाडं गेली, आणि त्या कापलेल्या डोंगराची जबाबदारी सध्या कुणाची, याचं धड उत्तर खोऱ्यात कुणी देऊ शकलं नाही. एरवी मालक होण्यासाठी इतकी चढाओढ! त्या दिवसांत मात्र मालक म्हणून कुणी पुढे आलेलं आम्हाला दिसलं नाही. मला याचा राग कमी आणि दुःख जास्त आहे.

आपण लवासा घेऊ नका, असं मी म्हणत नाही. ते शहर तसंच कुजत पडलं तर सुरक्षारक्षकाची, सफाईची, हॉटेलातली जी थोडीफार कामं आमच्या मुलांना मिळतात तीही जातील. कुणीतरी घ्यावं आणि नीट चालवावं. पण घेण्याआधी एवढं करा. अठराही गावांच्या चावडीवर मराठीत नोटीस लावा: कोण घेतो आहे, किती रकमेला, कुणाचे पैसे किती फेडणार. आमच्या वारसनोंदीला जे पंधरा दिवस लागतात, तेवढे हरकतींसाठी द्या. प्रत्येक गावात ग्रामसभा घ्या आणि तिथे स्वतः या, वकील पाठवू नका. मजुरीची, पुरवठ्याची, जमिनीच्या मोबदल्याची जी येणी 2018 च्या मुदतीत नोंदली गेली नाहीत त्यांच्यासाठी योजनेत वेगळी रक्कम ठेवा. ती बँकांच्या थकबाकीपुढे अगदी किरकोळ असेल.

धनको समितीतल्या बँकांनाही एक सांगायचं आहे. आपल्यात सरकारी बँका आहेत. आमच्या भातशेतीला पीककर्ज देताना आपण आठ-अ मागता, सातबारा मागता, बोजा चढवता, आणि एक हप्ता थकला की माणूस दारात उभा करता. तितक्याच बारकाईने लवासाच्या गटनंबरांचे सातबारे तपासा. सीलिंगची, वर्ग दोनची, आदिवासींकडून आलेली आणि ज्यांचे दावे आजही महसूल खात्यात चालू आहेत अशी जमीन निवडून काढा. तिची यादी तालुका कचेरीत लावा आणि निकाल लागेपर्यंत ती विक्रीतून बाहेर ठेवा.

आपला,
वेल्हे तालुक्यातील एक खातेदार