थैली मोठी की मतपेटी?



हल्ली नाक्यानाक्यावर एकच रडगाणे ऐकू येते : "मोर्चे काढून काय होणार? मंत्री तर थैलीवाल्यांच्या खिशात!" थैलीवाल्यांना हे रडगाणे फार आवडते. ते गात आपण घरी बसलो, की त्यांचे काम फुकटात झाले!

थैलीचे बळ खोटे नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून सर पुरुषोत्तमदास ठाकूरदासांसारखे धनिक 'बॉम्बे सिटिझन्स कमिटी' काढून बसले होते. त्यांच्या हाती निवेदने, आपल्या छातीवर गोळ्या! २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला रक्त सांडले. त्या लढ्यात शंभरावर हुतात्मे झाले. तरी १९५६ साली माथी मारले ते द्विभाषिकच.

मग १ मे १९६० उजाडला कसा? दिल्लीला दया आली? छे! अत्रे, डांगे, एसेम यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना, पण समिती एक. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने सत्ताधाऱ्यांना धूळ चारली, आणि पुढची निवडणूक त्यांच्या डोळ्यांपुढे नाचू लागली. थैलीवाला प्रचाराचा खर्च देईल; पण पडलेल्या उमेदवाराला खुर्ची कुठून देईल?

हेच गणित वसईनेही मांडले. जमिनीच्या नि टँकरच्या पैशापुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले. २००९ साली महापालिका आली तेव्हा गावे पेटून उठली. त्याच वर्षी विवेक पंडितांना अपक्ष म्हणून विधानसभेत धाडले. २०११ साली सरकारने २९ गावे वगळण्याचा हुकूम काढला. जिंकलो ना?

नाही! प्रकरण कोर्टात गेले, स्थगिती आली, वर्षे उलटली; आणि २०२४ साली सरकारने तो हुकूमच मागे घेतला. आपण कागदावर विसंबलो. वाडीत केळी लावून, शिंपण-राखण न करता कुणी झोपतो का? मोर्चा ही लावणी. राखण पुढे पाच वर्षे!

म्हणून मत मागायला येईल त्याच्याकडून गावांबद्दल लेखी घ्या. ते देवळापुढे नि चर्चपुढे मोठ्याने वाचा. निवडून आला की दर महिन्याला त्याच्या दारी जा. दहा नको, हजार जा! हिंदू, ख्रिस्ती, वाडवळ, सामवेदी हा भेद त्या दारी नको.

थैलीवाला रोज जागा असतो. आपणही जागे राहू या.

जय महाराष्ट्र!