हवेचा कायदा आणि दुकानाचा उंबरठा

कायदा करणे सोपे, तो राबवणे अवघड, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्यातला अर्थच झिजून गेला आहे. राबवणे म्हणजे निरीक्षकांची संख्या वाढवणे आणि दंडाची रक्कम चढवणे, अशी राज्यकर्त्यांची समजूत असते आणि नागरिकही ती निमूटपणे मान्य करतात. हवेच्या प्रदूषणाच्या बाबतीत ही समजूत विशेष अपुरी पडते. गिरणीचे उंच धुराडे सर्वांना दिसते, त्यावर नजर ठेवता येते. परंतु शहराच्या हवेत मिसळणारे विष केवळ धुराड्यांतून येत नाही. कपडे धुण्याची दुकाने, गाड्यांना रंग मारण्याच्या शेड, छापखाने, भट्ट्या अशा हजारो लहान ठिकाणांहून ते थेंबाथेंबाने येते. प्रत्येकाचा वाटा नगण्य, पण बेरीज मात्र मोठी! या हजारोंच्या मागे हजार निरीक्षक लावणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. त्यांना समजावून सांगावे लागते, दाखवून द्यावे लागते, प्रसंगी हात द्यावा लागतो. आणि ही हवा ज्यांच्या छातीत जाते त्यांचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागते. लोकसंपर्काच्या या कामाकडे सरकारी यंत्रणा दुय्यम म्हणून पाहतात. प्रत्यक्षात कायद्याचे निम्मे यश त्यातच असते. या दृष्टीने अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. त्यात अनुकरणीय पुष्कळ आहे, आणि सावध व्हावे असेही काही आहे.

१९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके उतरले. संशय कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवण्यात आला, तरी धुके हटले नाही. १९४७ साली त्या परगण्यात हवा-प्रदूषण नियंत्रणाची स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने मूळ कारण दाखवून दिले. मोटारी, तेलशुद्धी कारखाने आणि इतर ठिकाणांहून निघणारे वायू सूर्यप्रकाशात एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून ओझोन तयार होतो, असे त्याचे संशोधन सांगत होते. या शोधाचा सामाजिक अर्थ रासायनिक अर्थाहून कमी महत्त्वाचा नव्हता. गुन्हेगार कोणी एक नव्हता. मोटार चालवणारा प्रत्येक जण आणि परसदारी कचरा जाळणारे प्रत्येक कुटुंब त्यात भागीदार होते. १९५७ मध्ये घरोघरच्या कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बंदी आली, तेव्हा हवेचा कायदा प्रथमच सामान्य माणसाच्या अंगणात शिरला.

हवा परगण्यांच्या सीमा ओळखत नाही, हे मान्य करून १९७७ साली चार परगण्यांसाठी मिळून ‘साउथ कोस्ट’ या नावाने ओळखला जाणारा प्रादेशिक हवा-गुणवत्ता जिल्हा अस्तित्वात आला. आज त्याच्या कार्यक्षेत्रात सुमारे १ कोटी ७० लाख लोक राहतात. त्याच्या नियामक मंडळाच्या १३ सदस्यांपैकी १० जण स्थानिक लोकनियुक्त प्रतिनिधी असतात. मोटारींच्या धुराचे नियम मुख्यतः राज्य आणि केंद्र सरकार करते. कारखाने, दुकाने, भट्ट्या यांसारखे स्थिर उगम या संस्थेच्या अखत्यारीत येतात. म्हणजे ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे लागते असे असंख्य लहानमोठे व्यावसायिक तिच्याच वाट्याला आले आहेत.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नियम पाळण्याच्या खर्चाचा बराच भाग स्थिर असतो. परवान्याचा अर्ज समजून घेणे, नोंदवह्या ठेवणे, कोणता नियम आपल्याला लागू आहे हे शोधणे यांसाठी लागणारा वेळ उलाढालीच्या प्रमाणात कमी होत नाही. तेलशुद्धी कारखान्याकडे यासाठी अभियंते आणि वकील असतात. तीन कामगारांच्या दुकानात ते सारे काम मालकालाच रात्री दार ओढून घेतल्यावर करावे लागते. त्यामुळे एकच नियम मोठ्याला हलका आणि लहानाला जड होतो. कागदावर समान असलेला कायदा व्यवहारात विषम ठरतो, तो असा. यावर नियम सैल करणे हा उपाय नव्हे, कारण शेजारच्या घरातील मुलाच्या फुफ्फुसाला दुकान लहान की मोठे याचे सोयरसुतक नसते. माहिती मिळवण्याचा खर्च समाजाने उचलणे हाच खरा उपाय होय. एकदा तयार केलेली माहिती दहा हजार दुकानदारांना द्यायला फारसा जादा खर्च येत नाही. प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे मिळवायची म्हटले तर राष्ट्राचे श्रम वाया जातात.

अमेरिकेच्या काँग्रेसने हे तत्त्व १९९० च्या कायद्यात मान्य केले. स्वच्छ हवेच्या कायद्यात त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार लहान व्यवसायांना तांत्रिक साहाय्य देणारी योजना आखणे आणि त्यांची बाजू मांडणारा अधिकारी नेमणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक झाले. साउथ कोस्टच्या संस्थेतही लहान व्यावसायिकांना अर्ज भरण्यास मदत करणारा, नियम समजावणारा विभाग आहे. अशा विभागाचे मर्म एकाच गोष्टीत असते. सल्ला देणारा माणूस आणि दंड करणारा माणूस वेगळे असले पाहिजेत. आज यंत्र दाखवायला बोलावलेला अधिकारी उद्या नोटीस घेऊन येणार असेल, तर त्याला कोण बोलावील? यावर असा आक्षेप घेतला जातो की, अशाने यंत्रणा व्यापाऱ्यांची मित्र बनते आणि कायदा बोथट होतो. आक्षेप निराधार नाही. पण सल्ल्याने नियम माफ होत नाही, मुदतही ढळत नाही. अज्ञानाची सबब तेवढी संपते. सर्व साहाय्य देऊनही जो कायदा मोडतो, त्याला दंड करताना मग कोणाचाच हात अडखळण्याचे कारण उरत नाही.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या धंद्यात पर्क्लोरोएथिलीन नावाचे द्रव पिढ्यान् पिढ्या वापरले जात होते. ते कर्करोगास कारणीभूत होत असण्याचा बळकट संशय आहे आणि त्याची वाफ दुकानात व शेजारपाजारी पसरते. साउथ कोस्टने २००२ साली नियम केला, की या द्रवावर चालणारे नवे यंत्र बसवायचे नाही आणि जुनी यंत्रे टप्प्याटप्प्याने २०२० अखेरपर्यंत बंद करायची. या दुकानांचे अनेक मालक कोरियातून आलेले स्थलांतरित होते. कुटुंबातील माणसेच राबत आणि यंत्रातच आयुष्याची पुंजी गुंतलेली असे. त्यांच्या हाती नुसते छापील पत्रक ठेवून भागणार नव्हते. पर्यायी यंत्रांसाठी अनुदाने देण्यात आली. पाण्याने कपडे धुण्याची नवी पद्धत वापरणाऱ्या दुकानांत इतर दुकानदारांना प्रात्यक्षिके दाखवण्यात आली. लोकरीचा कोट आटतो की नाही, हा प्रश्न सरकारी पुस्तिका सोडवू शकत नाही. तो शेजारच्या दुकानदाराच्या हातातला कोटच सोडवतो. अर्थात सारेच आदर्श घडले असे नाही. पुष्कळांनी पाण्याऐवजी पेट्रोलियमपासून बनलेली द्रावणे पसंत केली, आणि त्यांचेही दोष आहेतच. तरीही मुदत पक्की, पण पुरेशी लांब. बंदी स्पष्ट, पण सोबत पैसा आणि प्रात्यक्षिक, हा मेळ लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नागरिकांच्या बाबतीतही अशीच दृष्टी दिसते. धूर, दुर्गंधी यांची तक्रार नोंदवण्यासाठी या संस्थेने ठेवलेल्या दूरध्वनी क्रमांकाची अक्षरे जुळवली की ‘धुरके कमी करा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तयार होतात. पेट्रोलवर चालणारे हिरवळ कापण्याचे यंत्र परत करून विजेवरचे यंत्र सवलतीत घेण्याची योजना २००३ पासून चालू झाली. अशा गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण प्रदूषणात आपलाही हात आहे आणि ते कमी करण्यातही आपला हात असू शकतो, हे त्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक चांगले शिकवतात.

मात्र लोकसंपर्काला एक धोका कायम चिकटलेला असतो. बोलावणे, ऐकणे, टिपून घेणे आणि मग आधीच ठरलेले करणे, असे त्याचे रूपांतर फार लवकर होते. लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्नन गावी जुन्या बॅटऱ्यांतील शिसे गाळणारा कारखाना होता. भोवतालच्या वस्त्यांत प्रामुख्याने लॅटिन अमेरिकी वंशाची श्रमिक कुटुंबे राहत. त्यांच्या तक्रारी जुन्या होत्या. २०१३ मध्ये साउथ कोस्टच्या पाहणीनुसार कारखान्यातील आर्सेनिकमुळे १ लाखाहून अधिक लोकांना कर्करोगाचा वाढीव धोका असल्याचे पुढे आले, आणि २०१५ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. अंगणांतल्या मातीत मुरलेले शिसे उपसण्याचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिले. लोकांचे ऐकण्याची सोय असणे आणि ऐकल्यावर वेळेत कृती होणे यांत किती अंतर असू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. बड्या उद्योगांसाठी १९९४ पासून चाललेली प्रदूषण-हक्कांच्या खरेदी-विक्रीची योजना गुंडाळण्याचा निर्णयही २०१७ मध्ये झाला. अशा बाजारात साऱ्या प्रदेशाची बेरीज घटली, तरी विशिष्ट धुराड्याखाली राहणाऱ्यांची हवा सुधारेलच अशी हमी नसते. सरासरी हे अर्थशास्त्राचे आवडते हत्यार आहे. पण सरासरी हवेत कोणीच श्वास घेत नाही.

२०१७ मध्येच कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक नवा कायदा करून या त्रुटीवर उपाय शोधला. सर्वाधिक झळ पोचलेल्या वस्त्या निवडायच्या, तेथे स्थानिक रहिवाशांचा सहभाग असलेल्या सुकाणू समित्या नेमायच्या, तेथील हवा तेथेच मोजायची आणि रहिवाशांशी बसून कृती-आराखडा तयार करायचा, असा तो कायदा आहे. साउथ कोस्टच्या हद्दीत बंदराजवळील विल्मिंग्टन, बॉइल हाइट्स, सॅन बर्नार्डिनो अशा परिसरांचे पहिले आराखडे २०१९ मध्ये मंजूर झाले. अंतिम अधिकार अजूनही मंडळाकडेच आहे. एखाद्या कारखान्याचा परवाना नाकारण्याची सत्ता समितीला नाही. तरीही कोणता त्रास आधी दूर करायचा, हे ठरवताना तो त्रास सोसणाऱ्याला खुर्ची मिळाली, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या प्रदेशाची हवा १९५० च्या दशकापेक्षा किती तरी निवळली आहे, पण ओझोनची केंद्रीय मर्यादा तिने अद्याप गाठलेली नाही. काम संपलेले नाही, याची कबुली प्रत्येक उन्हाळा देतो.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? येथील प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करीत आहे आणि हवेसंबंधीचा केंद्रीय कायदा १९८१ चा आहे. २०१७ पासून कारखान्यांना त्यांच्या धुराप्रमाणे तारे देऊन ते लोकांपुढे मांडण्याची योजनाही सुरू झाली. मोठ्या धुराड्यांसाठी हे योग्यच आहे. पण २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तेव्हा खरा प्रश्न लहानांच्या दारात येऊन उभा राहिला. धुराने गुदमरणाऱ्या शेजाऱ्यांचा हक्क निर्विवाद आहे. पण भट्टी बदलायची कशी, वायूची नळी मिळणार कोठून, कर्ज कोण देणार, पावाची चव आणि किंमत यांचे काय होणार, या प्रश्नांची उत्तरे न्यायालयाने द्यायची नसतात. ती द्यायची असतात नियंत्रण यंत्रणेने, आणि तीही आदेशाच्या कितीतरी आधी. १८ वर्षे आणि सहा महिने यांतील फरक केवळ मुदतीचा नाही; तो पूर्वतयारीचा आहे.

म्हणून मंडळाच्या प्रत्येक प्रादेशिक कार्यालयात निरीक्षणाशी संबंध नसलेला सल्ला विभाग असावा. अर्ज आणि नियम दुकानदाराला समजेल अशा मराठीत, आणि गरज तेथे हिंदी व उर्दूत मिळावेत. आधीच बदललेल्या एखाद्या बेकरीत इतरांना भट्टी पेटलेली पाहता यावी. दंडातून जमणारा काही पैसा यंत्रे बदलण्याच्या साहाय्याकडे वळवावा. त्याचप्रमाणे २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी होणाऱ्या जनसुनावण्या मंडळाकडूनच घेतल्या जातात. त्यात जाडजूड अहवाल इंग्रजीत आणि सारांश तेवढा मराठीत, हा प्रकार थांबावा; आणि कोणत्या हरकतीमुळे प्रकल्पात नेमका काय बदल झाला, हे सुनावणीनंतर त्याच गावात वाचून दाखवले जावे.

लोकांकडे जाणे हा कायद्याचा शिष्टाचार नव्हे, ती त्याच्या अंमलबजावणीची पहिली पायरी आहे. दुकानाचा उंबरठा ओलांडून मदतीला न गेलेला कायदा पुढे त्याच उंबरठ्यावर दंड मागायला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती सत्ता असते, पण नैतिक अधिकार नसतो. हवा सर्वांची आहे. ती राखण्याचा खर्च मात्र ज्याला तो कसा टाळावा हे कळत नाही, त्याच्याच माथी मारला जाऊ नये.