छपरावरचे पाणी आणि कागदावरचा नियम

मृगाची पहिली सर येते, अचलपुरातील टिना वाजू लागतात, कवेलूंवरून पागोळ्या गळू लागतात, आणि घटकाभरात ते सारे पाणी नालीवाटे बिच्छनच्या पात्राला मिळते. ज्या घराने श्रावणात हे पाणी वाहून जाऊ दिले, तेच घर वैशाखात नळाच्या धारेकडे डोळे लावून बसते. हा दोष आकाशाचा नव्हे, आमचा आहे.

शासनाने या बाबतीत नियम केला नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नगरपरिषदांच्या हद्दीतही लागू आहे. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजल-संचयाची योजना तीत सक्तीची केली आहे. योजना केली नाही, किंवा करून नादुरुस्त ठेवली, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार बसविण्याचीही तरतूद आहे. नियमाच्या हेतूविषयी आमचे दुमत नाही. परंतु ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट. जुन्या अचलपुरातील दाटीवाटीच्या गल्ल्यांत एवढी जागा किती जणांपाशी आहे? सामान्य गृहस्थाचे घर या नियमाच्या कक्षेतच येत नाही.

हिशेब मात्र लहान घरालाही लागू पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी १०० चौरस मीटरच्या छपरावरून ५६,००० लिटर पाणी उतरते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास रोज ५० लिटर लागतात असे धरल्यास कोरड्या आठ महिन्यांची गरज १२,००० लिटरची होते. आमच्या दक्षिणेस, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही. तेथील माणसाला या गोड पाण्याचे मोल सांगावे लागत नाही.

टाके बांधण्याचा खर्च सर्वांस झेपणार नाही, हा आक्षेप खरा आहे. ज्यास तो झेपत नाही त्याने छपराचे पाणी गाळून परसातील विहिरीत सोडावे. मात्र पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर काढून दिलेच पाहिजे. गाळणीवाचून विहिरीत पाणी सोडणे म्हणजे उपायाच्या नावाने रोग आणणे होय.

केवळ सक्तीनेही काम भागत नाही. तामिळनाडूने २००३ मध्ये लहान-मोठ्या सर्व इमारतींना ही योजना बंधनकारक केली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईस पाणी पुरविणारे जलाशय कोरडे पडले. पाऊस उणा होता हे खरे. परंतु अनेक ठिकाणी नळ्या बसल्या आणि पुढे कोणी त्यांकडे पाहिले नाही, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून आमचे नगरपरिषदेस आग्रहाचे सांगणे आहे की, नियमावली बदलणे तिच्या हाती नसले तरी तीन गोष्टी तिने अवश्य कराव्यात. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला नकाशा पाहून नव्हे, तर प्रत्यक्ष योजना पाहून द्यावा. दरवर्षी मृगापूर्वी तपासणी करावी, आणि तिचा आरंभ नगरपरिषदेच्या स्वतःच्या इमारतींपासून व शाळांपासून करावा. लहान घरांतून जे आपखुशीने ही योजना करतील, त्यांस मालमत्ता करात कायद्याच्या चौकटीत सवलत मिळवून द्यावी. कर भरणाऱ्या नागरिकास दंडाचे भय दाखविण्यापूर्वी त्याच्या पुढे उदाहरण ठेवणे हे लोकशाही संस्थेचे कर्तव्य आहे.

आमच्या उत्तरेस सातपुड्याच्या माथ्यावर गाविलगड उभा आहे. तेथे किल्ला बांधणाऱ्यांनी तटाबरोबर तलावही बांधले, कारण पाण्यावाचून तट निरुपयोगी आहे, हे त्यांस ठाऊक होते. आम्ही घरे बांधली. त्यांचे पाणी मात्र नालीस वाहिले. येत्या मृगापूर्वी निदान हे तरी थांबावे.