फुलाचं नाव सांगेन, पत्ता नाही

गेलं वर्षभर इन्स्टाग्रामवर रानफुलांचे फोटो टाकतेय. खाली येणाऱ्या निम्म्या प्रतिक्रिया एकाच शब्दाच्या असतात: 'लोकेशन?' कुणी 'प्लीज ताई' जोडतं. एकाने तर 'शिक्षिका आहात ना, मग ज्ञान वाटायला काय जातं?' असा टोमणाही मारला.

मी साताऱ्याची, शाळेत विज्ञान शिकवते. ऑगस्ट-सप्टेंबरातले रविवार आसपासच्या सड्यांवर गुडघे चिखलात टेकून जातात. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं पठार. वर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. त्या मातीत पावसाबरोबर कवला, तेरडा, गेंद, सीतेची आसवं उगवतात आणि दोन-तीन महिन्यांत बी टाकून मरतात. बी धरायच्या आत त्यांच्यावर पाय पडला, तर पुढच्या वर्षीचं रोपही गेलं. रीलसाठी फुलांत लोळणारे मी पाहिलेत. त्याहून वाईट म्हणजे एका फुलाचा फोटो स्वच्छ यावा म्हणून शेजारची रोपं उपटणारे, आणि त्यांच्या गळ्यात कॅमेरे चांगले महागाचे असतात.

वायतुरा सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच सापडतो. साचलेल्या उथळ पाण्यातून त्याचा दुभंगलेला तुरा वर येतो. तो टिपायला मी अर्धी भिजले, आणि लाइक दिले ते बहुतेक नातेवाइकांनी. धुक्यातल्या अजिंक्यतारा किल्ल्याचा फोटो मात्र कुठल्या कुठे पोचला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जे फूल कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, ते निदान सुरक्षित राहतं.

'निसर्ग काय तुमच्या मालकीचा आहे?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. सड्याखालच्या गावातल्या गुराख्याला तो सडा माझ्याहून जास्त माहीत असतो, त्याच्यापासून मी काय लपवणार? पण बाकीच्यांना मी सरळ कास पठारावर जा म्हणते. 2012 मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास होतं, आणि गर्दी लोटली. आज तिथे हंगामात ऑनलाइन बुकिंग आहे, शुल्क आहे, वाट दाखवायला गावातली माणसं आहेत. कुंपण हवं की नको यावर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण गर्दी सांभाळायची काही एक व्यवस्था तिथे उभी आहे. माझ्या फोटोतल्या सड्यांवर गुरांच्या पायवाटेखेरीज काही नाही. तिथे एका रविवारी पन्नास गाड्या आल्या तर त्या अडवणार कोण?

यात माझं काही वेगळं शहाणपण नाही. जीवजातींच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातीची नोंद केली, की नेमकी जागा आपोआप झाकली जाते. नकाशावर वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. अभ्यासाचं काम त्याने अडत नाही, मग लाइकचं का अडावं?

मी फुलाचं नाव, कूळ आणि महिना लिहिते, ठिकाण म्हणून फक्त 'सातारा जिल्हा'. मागे ओळखू येणारी डोंगराची सोंड किंवा पवनचक्की आली तर कापून टाकते, मग चौकट बिघडली तरी चालेल. आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद लपलेली असू शकते. इन्स्टाग्राम, फेसबुक ती इतरांना दाखवत नाहीत. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तरी ती गळून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की फोटोबरोबरच पोचते. आणि आपले निसर्गप्रेमी गट दर्जा टिकावा म्हणून सर्रास डॉक्युमेंटच पाठवतात! तेव्हा फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद आहे का, एवढं बघा.

यंदाच्या पावसात फोटो जरूर टाका, फुलाची नावं हुडकून लिहा. लोकेशनची जागा तेवढी रिकामी ठेवा. कुणी फारच मागे लागलं, तर त्याला कासचं बुकिंग कसं करायचं ते सांगा.