नाबोथाचा द्राक्षमळा आणि व्हीआयपी नंबर



गेल्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत एक चांगला विषय निघाला. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असते, कोणाला रक्त हवे असते, कोणाला नुसतीच प्रार्थना हवी असते. अशा वेळी लावता येईल असा मंडळीचा एक वेगळा फोन असावा, यावर सर्वांचे एकमत झाले. मग आपलेच एक भाऊ उभे राहिले. त्यांच्याकडे एक व्हीआयपी नंबर आहे, शेवटी चार वेळा सात. तो ते मंडळीला दान देणार होते. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही स्वयंसेवकही होतो.

घरी आल्यावर आमच्यापैकी एकीने सभासदांची जुनी वही उघडली. तोच नंबर तिथे होता, आपल्या मंडळीतल्या एका आजींच्या नावापुढे. त्यावर एक तिरकी रेघ मारलेली होती. ती रेघ आमचीच. मागच्या वर्षी त्या नंबरवर कोणीतरी पुरुष "रॉंग नंबर" म्हणाला, म्हणून आम्ही तो खोडला आणि आजींना व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकले. घरी जाऊन विचारले नाही. हा दोष आधी आमच्या पदरात घालून मगच पुढचे लिहितो.

भोपाळबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. करोंद हा शहराच्या उत्तरेकडचा भाग. धान्याची आणि भाजीपाल्याची मोठी मंडी इथे आहे, गॅसपीडितांसाठी उभे राहिलेले भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल इथेच आहे, आणि युनियन कार्बाइडचा बंद कारखाना इथून लांब नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या त्या रात्री आजींचे पती गेले. त्यानंतर आजींनी मंडीत कांदे निवडण्याचे काम केले. पुढे मोबाईल स्वस्त झाले तेव्हा त्यांच्या भावाने चौकातल्या दुकानातून एक सिम आणून दिले. दुकानदाराने वरचेच पाकीट उचलून दिले होते. शेवटी चार सात आहेत याचे कोणाला काही वाटले नाही. नाशिकची लेक, अहिल्यानगरचे दीर, मंडीतल्या जुन्या सोबतिणी, सगळ्यांना तो नंबर पाठ झाला एवढेच.

मग फॅन्सी नंबरांचा धंदा करणारा एक माणूस दारात आला. मावशी, हा नंबर मला द्या, चार हजार देतो, नवे सिम फुकट. आजींना औषधांचे पैसे द्यायचे होते. त्याने आजींच्याच फोनवरून १९०० ला मेसेज पाठवला, आलेला कोड लिहून घेतला आणि गेला. ही पोर्टिंगची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. नंबर तोच ठेवून ग्राहकाला कंपनी बदलता यावी म्हणून ती आणली गेली. या धंद्यात मात्र तिचा उपयोग माणूस बदलण्यासाठी होतो. तो कोड आपल्या भावांनी चाळीस हजारांना घेतला. चार हजार कुठे आणि चाळीस हजार कुठे! पण किमतीतला फरक ही या गोष्टीतली सगळ्यात लहान बाब आहे.

आजींना गॅसपीडित विधवा म्हणून महिन्याला १,००० रुपये पेन्शन मिळते. समग्र आयडीचे ई-केवायसी करायचे निघाले. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना हे काम ठाऊक आहे: आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगायचा आणि काम पुढे सरकते. ओटीपी गेला आपल्या भावांच्या फोनवर. शेजारच्या मुलाने धीर करून त्या नंबरला फोन लावला आणि ओटीपी मागितला. भावांनी फोन कापला. का नाही कापणार? ओटीपी मागणारा फोन म्हणजे फसवणूक, हे बँका आपल्याला रोज सांगतात, उपासनेनंतरच्या सूचनांत आम्हीही सांगितले आहे. आधार केंद्रावर नंबर बदलायला गेल्या तर आजींच्या बोटांचे ठसे उमटेनात. कांदे निवडून बोटे झिजलेली. तीन महिने पेन्शन अडकले. नाताळात नाशिकच्या लेकीने जुन्या नंबरला फोन लावला, तिलाही "रॉंग नंबर" असे उत्तर मिळाले. दोन दिवस तिला वाटत होते, आई गेली.

हे सगळे आम्हाला कळले ते बैठकीनंतर, आजींच्या घरी जाऊन.

आता शास्त्राकडे वळू. १ राजे, अध्याय २१. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता आणि अहाबाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. इथे एक गोष्ट आपण नेहमी वाचून सोडून देतो. अहाबाने आधी लुबाडले नाही. त्याने आधी रास्त किंमत देऊ केली, त्याहून चांगला मळा देऊ केला. आजच्या भाषेत तो कायदेशीर गिऱ्हाईक होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जागा होती. त्याच्या दृष्टीने ती विकायची वस्तूच नव्हती. आजींना नाही म्हणता आले नाही. औषधाची चिठ्ठी हातात असलेल्या बाईने हो म्हटले, त्याला राजीखुशी म्हणायचे का? आम्ही म्हणत नाही.

भाऊ म्हणतात, मला काय ठाऊक नंबर कोणाचा होता? खरे आहे, ठाऊक नव्हते. पण विचारलेही नाही. चाळीस हजारांची जुनी मोटारसायकल घेताना आपण आरसी बुक पाहतो, आधीच्या मालकाला भेटतो. नंबर घेताना फक्त आकडे पाहिले.

त्या आकड्यांत असते तरी काय? शेवटचे चार आकडे दहा हजार प्रकारे येऊ शकतात. त्यांत चारही सारखे असे फक्त दहा. म्हणून ते दुर्मीळ. मंडीत आलेल्या कांद्याच्या किमतीत कोणाचा तरी घाम असतो, पाणी असते, भाडे असते. चार सातांत कोणाचा घाम आहे? हा वेडेपणा आपल्यापुरता नाही. चीनमध्ये आठ हा आकडा भाग्याचा मानतात, म्हणून २००३ साली सिचुआन एअरलाइन्सने ८८८८८८८८ या नंबरासाठी २३ लाख ३० हजार युआन मोजले. २००६ साली कतारमध्ये ६६६६६६६ हा नंबर धर्मादाय लिलावात एक कोटी रियालना गेला. प्रकटीकरण १३ वाचून आपले लोक तीन सहा दिसले की सिम परत करतात, आणि तिथे सात सहांना कोटी मिळाले! आकडा तोच, भीती आणि हौस तेवढी ज्याची त्याची. आपल्याकडे सरकारी बीएसएनएलही असे नंबर ऑनलाइन लिलावात विकते. आणि जून २०२४ मध्ये दूरसंचार नियामक नंबरांवर शुल्क लावणार अशी बातमी पसरली तेव्हा आपणच केवढी ओरड केली. नियामकाला खुलासा करावा लागला की ग्राहकावर असे शुल्क लावण्याचा विचार नाही. सरकारला एक रुपया द्यायला आपण तयार नाही, दारावर आलेल्या दलालाला चाळीस हजार देतो.

आपल्या लोकांची यावर एक भाविक पळवाट आहे. सात हा पूर्णतेचा आकडा. यिर्मया ३३:३ म्हणजे देवाचा फोन नंबर, म्हणून शेवटी ३३३ हवे. योहान ३:१६ म्हणून ३१६ हवे. बंधूंनो, अध्याय आणि वचनांचे आकडे संदेष्ट्यांनी घातले नाहीत, ते कित्येक शतकांनंतर वाचकांच्या सोयीसाठी आले. त्यांवरून सिम निवडणे आणि अंकज्योतिष्याकडून नंबराची बेरीज करून घेणे यांत आम्हाला काही फरक दिसत नाही. शेजाऱ्याने केले की अंधश्रद्धा आणि आपण केले की साक्ष, असे कसे?

सोपा नंबर असणे हे पाप नाही, हेही लिहून ठेवतो. प्लंबरला, टेम्पोवाल्याला, मंडीतल्या आडत्याला लक्षात राहणाऱ्या नंबराने चार गिऱ्हाइके जास्त मिळत असतील आणि त्याने तो कंपनीकडून सरळ घेतला असेल, तर आमची हरकत नाही. ११२ आणि १०८ हे नंबर सोपे आहेत ते याच कारणाने: घाबरलेल्या माणसाला आठवावेत म्हणून. ते मिरवण्यासाठी कोणी घेत नाही. आमची हरकत मिरवण्याला आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून सभेत आलेल्या माणसाला चांगली जागा मिळते आणि गरिबाला पायाशी बसवतात. आता अंगठी बोटात नसते, व्हिजिटिंग कार्डावर छापलेली असते. त्या टाळ्या आम्ही कोणाला वाजवल्या, याचा विचार आम्ही करत आहोत.

राहिला दानाचा प्रश्न. अरौनाच्या खळ्यावर दावीद फुकट मिळालेले अर्पण करायला तयार झाला नाही, त्याने दाम मोजले (२ शमुवेल २४). आपल्या भावांनीही दाम मोजले, हे आम्ही नाकारत नाही. पण या नंबराची खरी किंमत दुसऱ्याच कोणी भरली आहे. तीन महिन्यांचे पेन्शन आणि नाशिकच्या लेकीचे ते दोन दिवस कोणत्याच पावतीवर नाहीत. असे अर्पण मंडळीने वेदीवर ठेवू नये, आणि ठेवले तर मदतीच्या त्या फोनवर आम्ही बसणार नाही. भावांविषयी मनात राग नाही. वडील वारले तेव्हा त्यांनीच आमच्यापैकी एकाला पहाटे तीन वाजता गाडी काढून दिली होती. म्हणूनच हे पाठीमागे न बोलता इथे लिहितो.

नंबर परत देता येतो. आजी आणि भाऊ दोघांनी आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात बसायचे आणि नाव बदलण्याचा अर्ज करायचा. आमच्यापैकी दोघे सोबत येतील. भावांचे चाळीस हजार बुडतील हे आम्हाला कळते, पण ते मदतनिधीतून भरून द्यावेत असे कोणी सुचवू नये. तो पैसा आजाऱ्यांचा आहे.

मंडळीच्या फोनसाठी आम्ही चौकातून एक साधे सिम आणले आहे. आकडे अगदीच वेडेवाकडे आहेत, आमच्याच लक्षात राहत नाहीत. ते मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावले आहेत, आणि रविवारच्या पत्रकाच्या मागच्या बाजूलाही छापले आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा फोन कोणाकडे असेल याची यादी करायची आहे. सोमवार, बुधवार आणि शनिवारची नावे आली आहेत, बाकीच्या चार रात्री रिकाम्या आहेत. येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. आजी येणार आहेत, त्यांना आणायला रिक्षा सांगितली आहे.