आठ कोर असूनही अख्खं मशीन का बंद पडतं?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या स्क्रीनवर अडकली. तेव्हापासून मला मित्र विचारतात: चूक एका कोरवर झाली, मग बाकीचे सात का थांबले?

कारण कर्नलची मेमरी सगळ्यांची एकच. एकाने बिघडवलेला डेटा दुसऱ्याने डिस्कवर लिहिला, तर तुमच्या फाइल्स गेल्याच समजा. म्हणून कोसळणारा कोर इतरांना इंटरप्ट पाठवून जागीच गोठवतो आणि एकटाच मेमरीची नोंद, म्हणजे क्रॅश डंप, लिहून ठेवतो. दोन कोर एकदम कोसळले तरी हे काम एकालाच मिळतं.

तेव्हा निळ्या स्क्रीनला शिव्या घालू नका. माझा राग त्या ड्रायव्हरवर आहे. तो बूट होतानाच लोड व्हायचा, त्यामुळे रीस्टार्ट केलं की पुन्हा क्रॅश! शेवटी अनेक ठिकाणी माणसांनी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने डिलीट केली.