रेषेबाहेर गेलेला बॉल : अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी समिती,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली



मी बुलढाणा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे आणि शालेय फुटबॉल स्पर्धांमध्ये पंच म्हणून शिट्टी धरतो. पंचाच्या मदतीला व्हिडिओ असावा का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उफाळतो. एखाद्या मोठ्या सामन्यात अन्याय झाला की चार दिवस सगळे बोलतात, मग विषय मागे पडतो. माझ्या मते व्हिडिओ असायलाच हवा. मात्र तो कोणत्या रूपात आणि आधी कोणाला मिळावा, याचा विचार दिल्लीत बसून जसा होतो आहे त्यापेक्षा वेगळा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

११ जून २०२४ चा दोह्यातला सामना आपण विसरला नसाल. जासिम बिन हमद स्टेडियमवर विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला आपला शेवटचा सामना कतारशी होता. आपला कर्णधार सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी निवृत्त झाला होता. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला आणि आपण पुढे गेलो. ७३ व्या मिनिटापर्यंत भारत तिसऱ्या फेरीत होता. मग गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूने हेडर अडवला, बॉल गोलरेषा पूर्ण ओलांडून बाहेर गेला, आपले खेळाडू क्षणभर थांबले. कतारच्या अल हाश्मीने तो बाहेरचा बॉल पायाने आत ओढला आणि युसुफ अयमनने जाळीत मारला. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. आपली पोरं हातवारे करून सांगत राहिली, उपयोग झाला नाही. पुढे आणखी एक गोल बसला आणि आपण २-१ ने हरलो.

नियम नऊ इतका साधा आहे की आमच्या शाळेतली सातवीची मुलंही तो सांगतात : बॉल जमिनीवरून किंवा हवेतून रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला की खेळ थांबला. इथे अर्थ लावण्याचा प्रश्नच नव्हता. हेतू, ताकद, अंगाला लागला की हाताला, असं काहीही ठरवायचं नव्हतं. घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला दिसलं, आणि ज्याला दिसायला हवं होतं त्या एका माणसाला दाखवायची सोय नव्हती. त्याच स्टेडियमवर त्याच वर्षी जानेवारीत आशिया चषकाचे सामने झाले, तेव्हा व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचाला मदत करणारी यंत्रणा) होतं. जूनमध्ये नव्हतं, कारण पात्रतेच्या दुसऱ्या फेरीला ते लागू केलेलं नव्हतं. मैदान तेच आणि देशही तोच होता, फक्त स्पर्धेची पायरी खालची होती.

त्या एका गोलाने काय गेलं याचा हिशोब मांडायला हवा. तिसरी फेरी गाठणाऱ्या अठरा संघांना २०२७ च्या आशिया चषकात थेट जागा मिळाली. आपल्याला पुन्हा पात्रता खेळावी लागली. तिथे हाँगकाँगकडून हरलो, मग ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरलो आणि आशिया चषकाचं दारही बंद झालं. हे सगळं एका पंचामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्या सामन्यात सतरा मिनिटं आणि भरपाईचा वेळ बाकी होता, आणि पुढचे पराभव आपले आपणच ओढवून घेतले. पण हक्काची आघाडी हिसकावली गेल्यावर संघाचं काय होतं, हे मैदानावर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपले तेव्हाचे अध्यक्ष कल्याण चौबे स्वतः गोलकीपर होते. त्यांनी फिफा आणि आशियाई महासंघाकडे चौकशीची मागणी केली, ते योग्यच केलं. निकाल मात्र तसाच राहिला.

दुसरी गोष्ट घरची आहे. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) बाद फेरीत जादा वेळेत बंगळुरूकडून खेळणाऱ्या छेत्रीने केरला ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारली. गोल दिला गेला आणि ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. आपण त्यांना चार कोटींचा दंड केला, प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, रियाधमध्ये संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. कर्नाटकाने मेघालयाला ३-२ ने हरवून चोपन्न वर्षांनी चषक जिंकला. त्या सामन्यात व्हीएआर होतं, कारण आपण स्पर्धा सौदी अरेबियात नेली होती. म्हणजे भारतातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल लीगला जे मिळालं नाही, ते राज्यांच्या संघांना परदेशात गेल्यामुळे मिळालं. तेच २०२२ साली नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घडलं. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात आपल्याच जमिनीवर व्हीएआर चाललं, कारण स्पर्धा फिफाची होती. पाहुणे आपली सामग्री घेऊन आले आणि स्पर्धा संपल्यावर घेऊन गेले.

बंगळुरूच्या वादानंतर अध्यक्षांनी ‘व्हीएआर लाइट’ची, म्हणजे स्वस्तातल्या व्हीएआरची कल्पना मांडली. बातमी वाचून मला आनंद झाला, पण एक शंकाही आली. बंगळुरूचा वाद व्हीएआरने मिटला असता का? तेव्हा व्हिडिओ चारच बाबतींत तपासता येत होता : गोल झाला की नाही, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला शिक्षा. पंचाने शिट्टीची वाट पाहायला सांगितलं होतं की नव्हतं, फ्री किक लगेच घेता येते की नाही, हा खेळ पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न आहे. तो स्क्रीनवर सुटत नाही, पंचाच्या प्रशिक्षणात सुटतो. दोह्याचा प्रश्न मात्र एका कॅमेऱ्याने पाच सेकंदांत सुटला असता. हे दोन सामने एकाच पिशवीत घालून ‘आम्हाला व्हीएआर हवं’ म्हटलं की खर्च मोठा होतो आणि दुखणं तसंच राहतं.

पूर्ण व्हीएआरला काय लागतं, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. भरपूर कॅमेरे, स्वतंत्र नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण घेतलेले व्हिडिओ पंच, रिप्ले चालवणारे तंत्रज्ञ, आणि प्रत्येक सामन्याला हे सगळं. जुलै २०२५ मध्ये करार अडकल्यामुळे आयएसएलचा हंगामच थांबवावा लागला. अशा दिवसांत तेवढा पैसा एका लीगवर ओतणं मला पटत नाही. आणि इतकं करूनही चूक होतेच. सप्टेंबर २०२३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासचा वैध गोल रद्द झाला. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं, पण मैदानावरचा मूळ निर्णय काय होता याबद्दलच कक्षातल्या माणसांचा गैरसमज झाला. स्वीडनच्या क्लबांनी तर विचारपूर्वक व्हीएआर नाकारलं. त्यांचं म्हणणं मी आदराने ऐकतो. गोल झाल्यावर आनंद करायचा की दोन मिनिटं थांबायचं, हा प्रेक्षकाचा प्रश्न खरा आहे. पंचाचाही एक प्रश्न आहे : दूर खोलीत बसलेला कोणी कानात सांगतो तेव्हा सामना नक्की कोणाच्या हातात असतो?

म्हणून माझा आग्रह दुसऱ्या पद्धतीचा आहे. फिफाने २०२४ पासून ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ नावाची पद्धत वापरून पाहिली. त्याच वर्षी कोलंबियात वीस वर्षांखालील आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचे विश्वचषक या पद्धतीने खेळले गेले. हिच्यात वेगळा कक्ष नाही, व्हिडिओ पंचही नाहीत. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते. दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते. मैदानाकडेला एक स्क्रीन असते, पंच स्वतः तिथे जातो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि स्वतःच निर्णय देतो. मोजके कॅमेरे असलेल्या स्पर्धांसाठीच ही पद्धत बनवली आहे. महाराष्ट्रात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. मॅटवरच्या कुस्तीत प्रशिक्षक ‘चॅलेंज’ घेतो आणि फसलं तर प्रतिस्पर्ध्याला गुण जातो, हे आमच्या तालमीतल्या पोरांना माहीत आहे. प्रो कबड्डीतला ‘रिव्ह्यू’ तर गावोगाव टीव्हीवर पाहिला जातो.

या पद्धतीत निर्णय पंचाकडेच राहतो, आणि मला ती पटते त्याचं मुख्य कारण हेच आहे. स्वस्ताई नंतरची.

आता माझ्या जिल्ह्याबद्दल सांगतो, कारण हे पत्र तिथूनच निघालं आहे. सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या पावसाळ्यात होतात. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे काळी माती. एक सर आली की फक्कीने आखलेली रेषा अर्ध्या तासात चिखलात जाते. घाटावर, चिखली-मेहकरकडे, जमीन जरा बरी, पण गोलपोस्टला जाळी असेलच असं नाही. जोराचा फटका खांबाजवळून गेला की तो आतून गेला की बाहेरून, यावर भांडण ठरलेलं. गोलमागे उभा असलेला पोरगा ओरडतो, ‘सर, आतून गेला, म्या पाह्यलं!’ आणि दुसऱ्या शाळेचा पोरगा तितक्याच खरेपणाने उलट सांगतो. इंग्लंडमध्येही १८८९ च्या सुमारास अशाच वादातून लिव्हरपूलचे अभियंते जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी गोलला जाळी लावायची युक्ती काढली. पंचाला मदत करणाऱ्या फुटबॉलमधल्या सुरुवातीच्या तंत्रांपैकी ते एक. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली आणि आमच्या कितीतरी मैदानांवर ते अजून पोचायचं आहे.

कॅमेरा मात्र पोचला आहे. प्रत्येक पालकाच्या हातात मोबाइल आहे. सामना संपायच्या आत क्लिप गावभर फिरते, आणि ती नेमकी पंचाच्या चुकीची असते. कोन कोणता, आधी काय घडलं, कोणी पाहत नाही. पंच बऱ्याचदा वीस-बावीस वर्षांचा, नुकतीच परीक्षा दिलेला, किरकोळ मानधनावर उन्हापावसात धावणारा मुलगा असतो. दोन-तीन वेळा अशी बदनामी झाली की तो पुन्हा येत नाही. अशी चांगली नजर असलेली मुलं सुटून जाताना मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. व्हिडिओ आमच्याकडे आधीच आला आहे. तो पंचाच्या विरोधात वापरला जातो, त्याच्या हातात कोणी दिलेला नाही.

महासंघाकडे माझी मागणी अशी आहे. आपण भारतासाठी फुटबॉल व्हिडिओ सपोर्टची रीतसर परवानगी मिळवा आणि सुरुवात आयएसएलपासून करू नका. संतोष ट्रॉफीच्या अंतिम फेऱ्या, राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा आणि महिलांची इंडियन वुमेन्स लीग यांना ती आधी द्या. तिथे खेळणाऱ्या मुलामुलींसाठी एक चुकीचा निर्णय म्हणजे नोकरीची, निवडीची संधी गेली असं असतं, आणि त्यांच्यासाठी कोणी पत्रकार परिषद घेत नाही. त्याच्या जोडीला राज्य संघटनांना, आमच्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला, जिल्हा पंचांच्या प्रशिक्षणासाठी सामन्यांचं चित्रण उपलब्ध करून द्या. मध्यरेषेजवळ उंचावर ठेवलेला एक कॅमेरा पुरतो. सामन्यानंतर पंच, दोन्ही सहायक आणि एक अनुभवी निरीक्षक यांनी बसून तो पाहावा. बंगळुरूची फ्री किक घ्या, दोह्याचा गोल घ्या, मराठीत समजावून सांगणाऱ्या छोट्या चित्रफिती तयार करा. नियमांचं पुस्तक पाठ करून परीक्षा पास होता येते, पण रेषेवरचा बॉल ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो पुन्हा पुन्हा पाहिल्यानेच होतो.

जाळ्या आणि दोन सहायक पंच यांच्याशिवाय जिल्हा पातळीचा एकही सामना मान्य होऊ नये, असा नियमही आपण करावा. त्यांचा खर्च क्रीडा खात्याने, शाळांनी आणि संघटनेने वाटून घेता येईल. ते झाल्याशिवाय आमच्याकडे स्क्रीन मागण्याला अर्थ नाही, हे मी स्वतःच सांगतो.

आशियाई महासंघाच्या सभेतही हा विषय भारताने लावून धरावा. पात्रतेच्या ज्या फेऱ्यांत लहान फुटबॉल देशांचं भवितव्य ठरतं, नेमक्या त्याच फेऱ्यांत व्हिडिओ नसतो. पूर्ण व्हीएआर परवडत नसेल तर दोन दादींची पद्धत तरी तिथे लागू करा, ही मागणी नेपाळ, बांगलादेश, अफगाणिस्तान, कुवेत यांच्यासोबत मिळून करता येईल. दोह्यात जे आपल्याबरोबर झालं ते उद्या त्यांच्याबरोबर होईल.

अमरावती विभागाच्या एखाद्या स्पर्धेचा अंतिम सामना आपण प्रयोगासाठी निवडलात तर तो बुलढाण्यात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. मैदान आखणं, जाळ्या बांधणं, कॅमेऱ्यासाठी मचाण उभं करणं आणि स्वयंसेवक देणं ही जबाबदारी आम्ही क्रीडाशिक्षक घेऊ. आपण फक्त परवानगी, एक स्क्रीन आणि ती चालवायला शिकवणारा माणूस पाठवावा. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक आणि फुटबॉल पंच,
जिल्हा बुलढाणा